दिल्लीत प्रथिनाला दिवा लावताना

दिल्लीहून परत आल्यापासून लोक मला दोन प्रश्न विचारतात. लाल किल्ला पाहिलास का, आणि तिकडे थंडी फार असते ना. लाल किल्ला मी मेट्रोच्या नकाशावर पाहिला. थंडीचं म्हणाल तर मी गेले भर मे महिन्यात, तरी स्वेटर रोज घातला, कारण प्रयोगशाळेत यंत्रांसाठी एसी इतका वाढवून ठेवतात की बोटं गार पडतात. आणि बाहेर पाऊल टाकलं की ऊन असं अंगावर येतं, जणू कोणी तंदूरचं झाकण काढलं आहे.

मी जिंतूरची. आमची पिठाची गिरणी आहे, ती अण्णा चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे ‘तू तिथे नेमकं काय केलंस’ हा तिसरा प्रश्न मला घरी अजून कोणी विचारलेला नाही. कसं विचारायचं हे त्यांना कळत नसावं, आणि कसं सांगायचं हे मलाही नीट कळत नव्हतं. म्हणून लिहून पाहते आहे. आमच्या कॉलेजातल्या ज्या मुली पुढच्या सुट्टीत मोठ्या प्रयोगशाळेत काम शिकायला जाण्यासाठी असा अर्ज करणार आहेत, त्यांना काही उपयोग झाला तर बरं.

सरोजिनी नगर

राहायची सोय आमच्या कॉलेजातल्या मॅडमनी केली होती. त्यांच्या हॉस्टेलच्या दिवसांतली मैत्रीण, सुनीता साळवे, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. मूळची नगरची. साळवेकाका एका मंत्रालयात आहेत. त्यांची मुलगी रिया सातवीत आहे, जन्म दिल्लीचा. मला दिवाणखान्यातला दिवाण मिळाला आणि कूलरच्या अगदी समोरची जागा मिळाली. दिल्लीत पाहुण्याला यापेक्षा मोठा मान नसतो, हे मला पुढे समजलं.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. काकूंनी ताट वाढलं, मी प्रवासाची भुकेली, भाजीचा घास तोंडात घातला आणि वर पाहिलं तर तिघांचे डोळे मिटलेले. काका हळू आवाजात प्रार्थना म्हणत होते, तीही अगदी स्वच्छ मराठीत. मी घास गालात धरून बसले. आमेन झाल्यावर काका म्हणाले, “चाव आता. देवानं पाहिलं नाही, रियानं पाहिलं.” रियाने खरंच एक डोळा उघडा ठेवला होता.

या घरात मराठी उंबऱ्यापर्यंत असते. दारात दूधवाला आला की काकूंचा आवाजसुद्धा बदलतो, जरा वरच्या पट्टीत जातो. रियाची मराठी मजेशीर आहे. ‘ताई, तू बिल्कुल टेन्शन नको घेऊ’ हे ती सहज म्हणते, पण ‘चिमूट’ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी बोटं जुळवून दाखवली. मग तिने विचारलं, तू लॅबमध्ये जे मेटल टाकतेस ते किती असतं? मी म्हटलं, चिमटीत धरता येणार नाही इतकं कमी. तिचा विश्वास बसला नाही. मलाही पहिल्या दिवशी बसला नव्हता.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी पराठा आणि दही. दही आमच्याकडे शेवटी भाताबरोबर येतं, इथे ते सगळ्यात आधी येतं. लिच्यांचे दिवस होते. मी लिची आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली आणि सालीसकट चावली. काकूंनी दुसरी लिची माझ्यासमोर धरून सावकाश सोलली, इतकंच.

प्रयोगशाळा

आता मुख्य गोष्ट. ज्यांनी रसायनशास्त्र घेतलेलं नाही त्यांनीही वाचावं, मी अवघड शब्द टाळते.

प्रथिन म्हणजे एक लांबलचक साखळी, स्वतःभोवती नीट घडी घालून बसलेली. ही घडी फार नाजूक. अंडं उकडलं की पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे. उष्णता लागली, तीव्र द्रावण लागलं की घडी मोडली. आणि आम्ही कॉलेजात ज्या रासायनिक क्रिया शिकतो त्यांतल्या बऱ्याच उकळत्या द्रावणात चालतात. मग अशा नाजूक वस्तूच्या एका ठरावीक जागी, फक्त त्याच जागी, एक नवा तुकडा जोडायचा कसा? तिथे पॅलेडियमसारखे धातू कामाला येतात. प्रथिनावर आधी आयोडीनचा एक आकडा, म्हणजे हूक, बसवून ठेवायचा. जोडायच्या तुकड्यावर बोरॉन बसवायचा. पॅलेडियम बाकी सगळं सोडून त्या आयोडीनला पकडतं, दुसऱ्या हाताने बोरॉनवाला तुकडा पकडतं, दोघांची गाठ मारतं आणि स्वतः बाजूला होतं. हे सगळं साध्या पाण्यात, अंगाला सोसेल इतक्या कोमट तापमानाला. माझ्या तुकड्याला चमकणारा रंग होता. म्हणजे गाठ बसली की प्रथिन निळ्या उजेडात चमकणार. अशी खूण लावलेली प्रथिनं पेशीत कुठे जातात ते मग पाहता येतं. मी रियाला सांगितलं की मी प्रथिनाला दिवा लावते. तिला ते पटलं.

पण ‘बाजूला होतं’ हे पुस्तकात. प्रत्यक्षात पॅलेडियम काम झाल्यावरही प्रथिनाला ठिकठिकाणी चिकटून बसतं. त्याला सोडवायला गंधकाचं एक औषध घालतात. पॅलेडियमला गंधकाची इतकी ओढ आहे की ते प्रथिन सोडून त्याच्याकडे जातं. हे औषध घाण वासाचं असतं. किती घाण, ते पुढे येईलच.

मला शिकवायला मनप्रीतदीदी होती. भटिंड्याची, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला, मुनिरक्यात खोली करून राहणारी. ती भराभर बोलते आणि मधूनच गप्प होते, तेव्हा समजायचं की तिने तुम्हाला काहीतरी विचारलं आहे. माझं हिंदी सिनेमातून आलेलं. मी पहिले काही दिवस फक्त ‘जी दीदी’ म्हणत होते. एकदा तिने विचारलं, दोन नळ्यांपैकी कुठली गार ठेवायची, आणि मी म्हटलं, जी दीदी. ती बराच वेळ दोन्ही नळ्या हातात धरून उभी राहिली.

या प्रयोगशाळेत एक रिवाज आहे. सुट्टीत आलेल्या विद्यार्थ्याने जाण्याआधी आपली क्रिया दुसऱ्याच्या हातून करून दाखवायची. त्याला ‘हाथ बाँधना’ म्हणतात. आपण स्टुलावर बसायचं, कशालाही हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. दुसरा माणूस सांगाल तेवढंच करतो. सांगायला विसरलात तर तोही विसरतो. चुकीचं सांगितलंत तर तो चुकीचं करतो, चेहऱ्यावर काहीही न दाखवता. त्यातून प्रथिनावर खूण नीट बसली, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडम त्या विद्यार्थ्याला एमएस्सीच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प इथे करू देतात. नाही बसली तर प्रमाणपत्र मिळतं आणि चहा मिळतो.

मला तो प्रकल्प हवा होता. आमच्या कॉलेजात वजन करायचा एकच काटा आहे, तो पंखा बंद केल्याशिवाय स्थिर होत नाही. इथे रेणूंचं वजन करणारं यंत्र होतं. आणि मला सगळ्यात भीती होती ती बोलण्याची. हाताने मी काहीही करीन. पण सांगायचं, तेही सीनियरला, तेही हिंदीत?

वास

आमच्या कॉलेजात प्रयोगाचा ॲप्रन शनिवारी घरी नेऊन धुवायची पद्धत आहे. आई तो वेगळ्या बादलीत भिजवते. मी तिथेही तेच केलं. कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. ॲप्रनच्या बाहीवर त्या गंधकाच्या औषधाचा एक थेंब पडलेला होता आणि दिवसभर नाकाला सवय झाल्यामुळे मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मेट्रोत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मला वाटलं, दिल्लीचे लोक बायकांना जागा देतात.

घरी येऊन पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि आंघोळीला गेले. बाहेर आले तर घरात दिवे बंद, खिडक्या सताड उघड्या, काकू रियाचा दंड धरून जिन्यात उभ्या आणि वरच्या मजल्यावरच्या आंटी खाली वाकून ओरडत होत्या की माचिस कोणी पेटवू नका. काका सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते अंधारात पाहत होते. गॅस गळत होता. सगळ्यांना वास येत होता. मीही घाबरून अनवाणी बाहेर पळाले.

गॅसवाला माणूस आला. त्याच्याकडे हुंगणारं छोटं यंत्र होतं, ते गप्पच राहिलं. मग त्याने स्वतःचं नाक वापरलं. शेगडी, नळी, सिलिंडर, आणि मग हळूहळू माझ्या पिशवीकडे आला.

“मैडम, लीकेज इस थैले में है,” तो म्हणाला.

मला तेव्हा आठवलं. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकाचा एक पदार्थ मुद्दाम मिसळतात. माझ्या बाटलीतलं औषध त्याच कुळातलं. हे मी जिन्यात उभं राहून समजावून सांगायचा प्रयत्न केला. वरच्या आंटींनी एवढंच विचारलं की बेटी, तुमच्या गावात असंच शिकवतात का. काकूंनी त्यांना चहाला बोलावलं आणि विषय संपवला. ॲप्रन गच्चीवर वाळूच्या बादलीत गेला. त्या दिवसापासून काका मला सिलिंडर म्हणू लागले. “सिलिंडर आली का घरी?” असं ऑफिसातून फोन करून विचारायचे.

ते सगळे हसले, कोणी रागावलं नाही. पण ज्या घरात आपण पाहुणे आहोत त्या घराला आपण जिन्यात उभं केलं, हे मला झोपताना टोचत राहिलं. कूलरसमोरच्या दिवाणावर मला घाम आला.

घास

पुढच्या आठवड्यात मी क्रिया पहिल्यांदा एकटीने केली. सगळं नीट झालं. शेवटी गंधकाचं औषध घालायची वेळ आली. मी बाटली उघडली, वास आला, आणि हात आपोआप आखडला. जेवढं घालायचं त्याच्या कितीतरी कमी घेतलं, पटकन झाकण लावलं. मनात म्हटलं, नावाला घातलं तरी पुरे. पॅलेडियम तरी असं किती आहे?

वजनाच्या यंत्राच्या पडद्यावर खरं म्हणजे एक उंच टोक यायला हवं होतं, ठरलेल्या वजनाच्या जागी. तिथे नुसती बारीक खुरटी रेघ पसरली होती. तिला इथली मुलं घास म्हणतात, म्हणजे गवत. दोन दिवसांनी पुन्हा केलं, पुन्हा घास. व्हरांड्यात भेटणारा प्रत्येकजण विचारू लागला, “आज भी घास?” कॅन्टीनवाल्यालाही बातमी लागली होती. मनप्रीतदीदी म्हणाली, प्रथिन तुटलं असेल किंवा तळाशी बसलं असेल. मॅडमनी फक्त मान वर केली आणि इंग्रजीत म्हणाल्या की प्रथिन कुठे गेलं ते मला सांग, गेलं असं सांगू नकोस.

हाथ बाँधायचा दिवस जवळ आला होता. जी क्रिया माझ्या हातून होत नव्हती, ती मी दुसऱ्याच्या हातून काय करून घेणार?

मुनिरका

शनिवारी दीदी मला तिच्या खोलीवर घेऊन गेली. मुनिरक्यातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की वर पाहिलं तर आकाशाऐवजी तारा दिसतात. प्रत्येक घरावर आणखी एक घर चढवलेलं. खाली मोमोवाले, झेरॉक्सवाले, बिछाने भाड्याने देणारे. मणिपूरच्या मुली, बिहारची मुलं, केरळची मुलं, सगळे पाठीवर एकसारख्या पिशव्या घेऊन चाललेले. आमच्या जिंतुरात कोण कुणाचा ते चालण्यावरून कळतं. इथे कोणालाच कळत नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

तिच्या घरमालकाच्या गच्चीवर आम्ही राजमा-चावल खाल्ला. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात होती की चाकं दिसत. मी सांगितलं की मला मुनिरक्यात खोली बघून द्या, मी साळवेकाकूंना आता त्रास देणार नाही. दीदी म्हणाली, त्यांनी जा म्हटलंय का? नाही. मग तू कशाला त्यांच्या वतीने स्वतःला हाकलतेस?

तेवढ्यात आंधी आली. हे मी पहिल्यांदा पाहिलं. पश्चिमेकडे आकाश आधी पिवळं, मग मातीच्या रंगाचं झालं आणि एका दमात सगळ्या गच्च्यांवरचे कपडे उडाले. खालच्या गल्लीतून लोक ओरडत होते की कुणाची चादर, कुणाची चादर. आम्ही ताटं पोटाशी धरून जिन्यात पळालो. राजम्यात वाळू आली होती. दीदीने तो तसाच खाल्ला. मीही खाल्ला.

निळं पाणी

सोमवारी दीदीने सांगितलं की प्रथिन उरलं आहे की नाही हे तरी पाहू, जेलवर चढव. जेल म्हणजे पारदर्शक मऊ पट्टी, तिच्यातून वीज सोडली की प्रथिनं आपापल्या आकाराप्रमाणे खाली सरकतात. चढवण्याआधी प्रत्येक नमुन्यात एक निळं पाणी घालून ते उकळतात. मी सगळं केलं, जेल निळ्या उजेडाखाली धरलं आणि तिथे पट्टी चमकत होती. ठसठशीत, एकच, योग्य जागी. माझं प्रथिन होतं. दिवाही लागला होता.

मग वजनाच्या यंत्राला ते का दिसत नव्हतं?

मी भांडी आवरत होते. निळ्या पाण्याच्या नळीचं झाकण बंद करायला गेले आणि तोच वास आला. तितका जहाल नाही, पण तोच. मी झाकण पुन्हा उघडून नाकाशी धरलं, शेजारच्या मुलाने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. निळ्या पाण्यात गंधकाचं औषध असतंच, घडी उलगडण्यासाठी. म्हणजे जेलवर जाताना माझ्या प्रथिनाला ते मिळालं होतं आणि यंत्रात जाताना मिळालं नव्हतं. यंत्रात जाताना ते अंगभर पॅलेडियम घेऊन गेलं होतं. कुठे एक, कुठे दोन, कुठे चार. प्रत्येक रेणूचं वजन निराळं, आणि कित्येक तर यंत्रात उडायलाच तयार नाहीत. एकच टोक येणार कुठून? गवतच उगवणार.

फ्रिजमध्ये माझा नमुना थोडा उरला होता. मी फ्यूम हूडखाली, म्हणजे जिथून हवा वर ओढली जाते त्या काचेच्या कपाटात, बाटली उघडली आणि औषध पूर्ण मापाने घातलं. नाक दुसरीकडे वळवून, पण पूर्ण. वाट पाहिली, गाळून यंत्राला दिलं.

टोक आलं. पडद्याच्या मधोमध, खांबासारखं उभं. मी ते कोणाला दाखवायच्या आधी बराच वेळ एकटीच पाहत बसले. दीदीला सांगताना मी काय कमी घातलं होतं आणि का, तेही सांगितलं, गॅसवाल्यासकट. ती आधी हसली, मग गप्प झाली. मला आता त्या गप्प होण्याची सवय झाली होती. मी म्हटलं, “दीदी, हाथ बाँधना गुरुवार को रखें?”

घरी काकूंना सांगितलं की यापुढे कपडे लॅबमध्येच बदलून येईन, पण वास थोडा येईल, तो घालवता येणार नाही. काकू म्हणाल्या, “अगं, काका तुझे वीस वर्षं फाइलींचा वास घेऊन घरी येतायत. मी काही म्हटलं?” मग मला घेऊन बाजारात गेल्या. सरोजिनीच्या बाजारात कपड्यांचे ढीग लाकडी फळ्यांवर ओतलेले असतात आणि विक्रेता ढिगावर उभा राहून एकच भाव ओरडत असतो. काकूंनी तीन कुर्ते उचलले, भाव ऐकून निघून गेल्या, आणि मी ओशाळून तिथेच उभी राहिले म्हणून सौदा फसला. दुसऱ्या ढिगाला मला आधीच बजावलं, “मी वळले की तूही वळ. मागे बघायचं नाही.” त्या वेळी जमलं. ते कुर्ते लॅबचे झाले.

स्टूल

गुरुवारी स्टुलावर बसले. समोर मनप्रीतदीदी, ॲप्रनच्या आत मोतिया रंगाचा नवा सूट, कानात झुमके. संध्याकाळी द्वारकेत तिच्या मावसभावाचा रोका होता, म्हणजे आपल्याकडच्या सुपारी फोडण्यासारखं. ती थेट तिथेच जाणार होती. मागे चार-पाच मुलं भिंतीला टेकून उभी. मी हात मांडीखाली ठेवले, कारण ते स्वस्थ राहत नव्हते.

दीदी रिकामा पिपेट, म्हणजे द्रावण मोजून घ्यायची नळी, धरून वाट पाहत राहिली. मग मी बर्फातली नळी काढायला सांगितली, तिने काढली. सांगितलं तसं होतंय हे पाहून जरा धीर आला. एकदा मी नळी हलवायला सांगितली आणि हळू म्हणायला विसरले. तिने जोरात हलवली, फेस आला. फेस प्रथिनाला वाईट. मी म्हटलं, फेंक दीजिए, दूसरी लीजिए. मागे कोणीतरी शीळ घातली. हिंदीत माझे ‘का’ आणि ‘की’ चुकत होते, कोणी हसत होतं, मला ते ऐकू येत होतं आणि तरी पुढचं वाक्य येत होतं. पॅलेडियम पडलं. कोमट पाण्यात नळी गेली. आम्ही वाट पाहिली. दीदीने झुमका सरळ केला.

मग ती बाटली आली.

मी माप सांगितलं. दीदीने बाटलीचं झाकण उघडलं, काचेच्या कपाटाबाहेर उभ्या असलेल्या मुलांनीसुद्धा नाकं धरली. तिने पिपेट बुडवला, थोडंसं घेतलं, आणि थांबली. माझ्याकडे पाहत म्हणाली, “इतना काफ़ी है ना? शाम को रोके में जाना है.”

रिवाजाप्रमाणे ती सांगितल्याशिवाय काही करू शकत नव्हती, पण विचारू शकत होती. ती परीक्षा घेत होती की खरंच नव्या सुटाची काळजी करत होती, हे मला आजही माहीत नाही. मी तिला विचारलंही नाही. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की जिने मला नळी धरायला शिकवली, जिच्या गच्चीवर मी जेवले, ती नटूनथटून उभी आहे आणि मी हो म्हटलं तर सगळे खूश होतील. आमच्या घरात मोठ्यांना नाही म्हणायची वेळ आली की आपण खाली बघतो आणि ते समजून घेतात. इथे खाली बघून चालणार नव्हतं. खाली बघितलं तर पिपेट तेवढ्यावरच रिकामा होणार होता.

“नहीं दीदी,” मी म्हटलं. “पूरा लीजिए. जितना बोला उतना. और दो बार ऊपर-नीचे करके मिलाइए, धीरे से.”

तिने पूर्ण घेतलं. दोनदा वर-खाली केलं, हळू. मग बाटली बंद करून ती स्वतःच्या बाहीचा वास घेत म्हणाली की आता रोक्यात कोणी माझ्या शेजारी बसणार नाही, आणि मावशीला मी तुझं नाव सांगणार आहे.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी सगळ्यांची बैठक असते. प्रत्येकाने आठवड्याचं काम पडद्यावर दाखवायचं. माझा नमुना पहाटेच यंत्रातून निघाला होता, पण रिवाज असा की ती फाइल विद्यार्थ्याने आधी उघडायची नाही. दीदीने उघडली. ती रोक्याहून उशिरा आली असावी, हातांवर मेंदी होती.

पडद्यावर रेघ डावीकडून निघाली, सपाट, सपाट, आणि मग एकच टोक. दीदीने कर्सर टोकावर नेऊन वजन वाचलं. माझा तुकडा जोडल्यावर जेवढं व्हायला हवं तेवढंच. आजूबाजूला गवताचं पातंही नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढून पडद्याजवळ जाऊन पाहिलं. मग मागे वळून त्यांनी दीदीला विचारलं की तू स्वतःहून काही बदललंस का, काही सुधारलंस का. मला वाटलं, फेसाची नळी टाकायला तिनेच डोळ्याने खुणावलं होतं असं तर ती म्हणणार नाही ना. तिने खुणावलं नव्हतं. पण मला त्या क्षणी कशाचीच खात्री नव्हती.

दीदी म्हणाली, “नहीं मैम. मैं तो कम डाल रही थी. इसने डालने नहीं दिया.”

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, तुमच्या विद्यापीठाचं शेवटचं सत्र कधी सुरू होतं? मी सांगितलं, डिसेंबरमध्ये. या वेळी ‘जी मॅडम’ म्हणून थांबले नाही. पुढे हेही सांगितलं की मला आता आयोडीनचा आकडा दुसऱ्या जागी बसवून पाहायचा आहे, आणि तो का, ते समजावून सांगायला पाच मिनिटं द्या.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि खडू माझ्या हातात दिला.